पहिल्या ग्राफमधलं प्लॅटिनम

आमच्या पहिल्या यशात प्लॅटिनम होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्यासोबत रोज डबा खातो त्या सहकाऱ्यांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

प्लॅटिनम असण्यात गुन्हा काय, असं कुणालाही वाटेल. गुन्हा हा, की आमचं काम प्लॅटिनमशिवाय चालतं असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो, आणि ते खोटं आहे हे कळल्यावरही मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याचा भार दुसऱ्याच एका माणसाने उचलला. तरीही पुढे जे घडलं ते इतकं चांगलं घडलं की त्याची आठवण आली तरी छाती फुगते. ही दोन्ही एकाच गोष्टीची टोकं आहेत, म्हणून दोन्ही सांगतो.

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. वडील घुग्घुसला कोळशाच्या खाणीत होते. पाळीवरून यायचे, तोंडातली काळी धूळ चूळ भरून थुंकायचे आणि न बोलता जेवायला बसायचे. आमच्या घरात बोलणं कमीच. मला ती सवय लागली, आणि प्राध्यापक म्हणून ती खपूनही गेली. लोक समजायचे, सर विचार करताहेत.

आमचं काम होतं हवेवर चालणाऱ्या बॅटरीचं. एका बाजूला जस्ताची पाटी, मध्ये कॉस्टिकचं पाणी, दुसऱ्या बाजूला हवा आत घेणारं एक पातळ काळं कापड. जस्त झिजत जातं, हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो, आणि त्या देवघेवीतून वीज मिळते. शाळेत आपण त्याला क्षपण म्हणून शिकलो ते हेच. अडचण एवढीच की ऑक्सिजन भारी आळशी. त्याला ढोसणारा कुणीतरी लागतो. त्याला उत्प्रेरक म्हणतात. प्लॅटिनम हे काम झकास करतं, पण प्लॅटिनम घालून केलेला दिवा गडचिरोलीच्या जंगलात कोण लावणार? म्हणून जगभर लोक स्वस्त पर्याय शोधताहेत. आमचा पर्याय म्हणजे कार्बनचे तंतू. इतके बारीक, की माणसाचा केस त्यांच्यापुढे आलापल्लीच्या सागाचं खोड वाटावा. आणि त्या तंतूंत लोखंडाचे अणू पेरलेले.

हे तंतू काढायची रीत बघण्यासारखी असते. ॲक्रिलिकचं द्रावण करायचं, म्हणजे ज्याच्या धाग्याचे स्वेटर विणतात तेच. त्यात लोखंडाचा क्षार मिसळायचा. मग ते सुईतून अगदी हळू सोडायचं आणि सुईला जबरदस्त व्होल्टेज द्यायचं. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, फाटतो, हवेतच सुकतो, आणि समोरच्या फिरत्या ढोलावर पांढरं जाळं चढत जातं. ते भट्टीत भाजलं की काळं होतं, आणि तेच आमचं हवा घेणारं कापड.

माझी पीएचडीची विद्यार्थिनी पहिल्यांदा हे यंत्र बघायला आली तेव्हा काचेला नाक लावून उभी राहिली. ती आरमोरीकडची. घरी थोडं धान आणि पिढ्यान्‌पिढ्या कोसा. जंगलात ऐनाच्या झाडांवर रेशमाचे किडे सांभाळायचे, कोसे उतरवायचे आणि उकळून धागा काढायचा, हे तिने लहानपणापासून केलेलं.

"सर, हा तर किडाच आहे," ती म्हणाली. "फक्त पाला खात नाई."

"पाला नाई खात, पण लाईट किती खाते ते विचार," आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट भाऊ मागून बोलले. "हे चालू झालं का माह्या पंख्याचा जीव जाते."

तिचा हात पहिल्या आठवड्यातच बसला. द्रावण किती घट्ट हवं, हवा दमट असली की सुई कधी थांबवायची, हे तिला पटकन उमजायचं. तंतू ती काढायची, भाजायचीही तीच. मोजमाप मात्र माझ्याकडे होतं. यंत्राला मोजमापाचा छोटा घट मी जोडायचो. एका ध्रुवावर तिचे तंतू, आणि समोरचा ध्रुव म्हणून प्लॅटिनमची तार. ती तार कपाटात आधीपासून होती. मीही माझ्या शिक्षकांना तशीच तार लावताना बघितलं होतं. त्यात काही वावगं असेल हे डोक्यातही आलं नाही.

पहिला ग्राफ आला तेव्हा मी खुर्चीवरून उठलो. तिचे तंतू जवळजवळ प्लॅटिनमइतकं काम करत होते. आम्ही त्यांना पुन्हा पुन्हा राबवून दमवायला सोडलं. कुठलाही उत्प्रेरक राबवला की थकतो. आमचे तंतू थकायच्या ऐवजी दर फेरीत ताजे होत गेले! भाऊंनी पेढे आणले. ती म्हणाली, "सर, काहीतरी चुकून तर नाई राह्यलं आपलं?" मी म्हणालो, "नशीब उघडलं की माणसाला अशीच शंका येते." आज लिहिताना जाणवतं की तेव्हाही खरा प्रश्न तिनेच विचारला होता.

नागपूरच्या परिषदेत मी तो ग्राफ दाखवला. वापरल्यावर सुधारणारा, प्लॅटिनम नसलेला उत्प्रेरक. टाळ्या झाल्या. जेवताना मोठी माणसं माझ्या शेजारी येऊन बसली. मोठा प्रकल्प मंजूर झाला आणि तिची फेलोशिपही त्याच ग्राफच्या जोरावर मिळाली.

त्या उन्हाळ्यात कॉलेज रिकामं होतं. चंद्रपूरचा मे महिना, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. कूलरसमोर बसून मी परदेशातला एक लेख वाचत होतो. त्यात एक इशारा होता. मोजताना समोर प्लॅटिनमची तार लावू नका. ती किंचित विरघळते, तिचे कण तुमच्या उत्प्रेरकावर जाऊन बसतात, आणि मग तुम्ही जे मोजता ते तुमचं नसतं, तारेचं असतं.

मी उठलो. घटातली तार काढून उजेडात धरली. तिची चमक गेली होती आणि टोकाशी ती बारीक झाली होती. तारेच्या जागी मी ग्राफाइटचा दांडा लावला, विद्यार्थिनीचे नवे तंतू घेतले आणि यंत्र चालू केलं. ग्राफ खाली पडला. तंतू राबवले तसे थकत गेले, जसे थकायला हवेत तसे. आधी ते दर फेरीत ताजे होत होते ती आमची करामत नव्हती. तारेचं प्लॅटिनम तंतूंवर थर देत होतं.

एक फोन करायचा होता. तिला. मग नागपूरला एक पत्र. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. प्रकल्प मंजूर होऊन अजून शाईही वाळली नव्हती. मी स्वतःला सांगितलं, आधी खरं काही हाती लागू दे, मग सांगू. वडील असते तर तेही काही बोलले नसते, असंही मनात आलं. आपल्या भित्रेपणाला माणूस बापाचं नाव सहज देतो.

सुट्टी संपून ती आली तेव्हा मी म्हणालो, "तार तुटली. आता इथून पुढे हाच दांडा वापरायचा. हल्ली सगळीकडे हेच लावतात."

"बरं सर," ती म्हणाली, आणि कामाला लागली.

आणि तिचे आकडे येईनासे झाले.

तिने द्रावण बदललं, सुई बदलली, भट्टीची तपासणी करून घेतली. मी बघत होतो. एके दिवशी ती हात पुढे करून म्हणाली, "सर, मले समजतच नाई. पावडर तीच, सुई तीच, भट्टी तीच. मंग आकडा काऊन येत नाई? माह्या हातालेच काही झालं का?"

"प्रयत्न कर," मी म्हणालो. दोन शब्द. इतकं स्वस्त उत्तर मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला दिलं नसेल.

काही दिवसांनी भाऊंनी मला व्हरांड्यात गाठलं. "सर, पोरगी पथ्य पाळून राह्यली जी. केसाले तेल नाई, कांदा-लसूण नाई. काल मी मच्छीचा डबा उघडला तं उठून बाहेर गेली. कोसा सांभाळताना त्यांच्यात असं करतात म्हणे. तिले वाटते, तिच्याकडूनच काही बाटलं."

मी हसल्यासारखं केलं. विज्ञानात असं नसतं म्हणून तिची समजूत काढतो, असंही म्हणालो. समजूत काढली नाही. काढायला गेलो असतो तर तिने विचारलं असतं, मग कशामुळे, सर?

त्याच सुमारास परीक्षेच्या कामासाठी वडसाला गेलो होतो, परतताना तिच्या घरी थांबलो. तिची आई ओसरीत बसून मांडीवर कोशाचा धागा वळत होती. हात थांबत नव्हता आणि बोलणंही थांबत नव्हतं. मागच्या जंगलात किड्यांची राखण चालू होती. मी त्या दिशेला बघितलं तशी ती म्हणाली, "तिकडं नका जाऊ जी सर. बाहेरच्याची सावली चालत नाई." मग आपणहून सांगू लागली. एका वर्षी सगळे किडे मेले होते. नवरा म्हणाला, तूच तेल लावून गेलीस.

"लावलं होतं?" मी विचारलं.

"नाई जी. पण किडे तं मेले ना? कोणाचं तरी नाव लागतेच." तिने धागा तोडला आणि माझ्याकडे पाहिलं. "पोरीचं काही चुकून राह्यलं का सर? रडते ते. फोनवर सांगत नाई, पण मले समजते."

मी चहा संपवला. गाडीची वेळ झाली म्हणालो.

यानंतर जे केलं ते सगळ्यात वाईट. प्रकल्पाचा आढावा घ्यायला समिती आली. समितीच्या अध्यक्षांनी, एका नावाजलेल्या शास्त्रज्ञांनी, सरळ विचारलं, "नागपूरला दाखवलेला आकडा पुन्हा का येत नाही?" खोलीत तीही बसली होती. मी म्हणालो, "विद्यार्थिनीच्या हातात अजून सातत्य नाही. वेळ लागेल." तिने मान खाली घातली. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं. प्रकल्प वाचला. संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, आश्रमशाळेत जागा निघाली आहे. खरं सांगा, मी सोडू का?"

सांगायचीच वेळ होती ती. मी म्हणालो, "एक पावसाळा थांब." यात तिच्याविषयीची काळजी किती आणि माझी स्वतःची किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. पण ती थांबली, आणि इथून पुढची गोष्ट तिची आहे.

तिने नागपूरहून सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले तंतूंचे फोटो मागवले होते. ते टेबलावर पसरून ती दिवसभर बघत बसली. मग मला हाक मारली.

"सर, बघा. कसे गुळगुळीत आहेत. लोखंड आत पेरलं आन्‌ दार लावून घेतलं आपण. ऑक्सिजन आत जाईल कुठून?"

मी बघितलं. खरंच होतं. तंतूंच्या पोटातलं लोखंड नुसतं पडून होतं, हवा त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. तिचं पुढचं म्हणणं असं, की द्रावणात लोखंडासोबत जस्ताचा क्षारही घालायचा. भट्टी खूप तापली की जस्त वाफ होऊन उडून जातं आणि जाताना तंतूंत बारीक भोकं सोडून जातं.

भाऊ ऐकत होते. "घालाचं आन्‌ उडवाचं? मंग घालताच कशाले?"

"जागा धरायले, भाऊ! बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकत नाई का तुमी?"

"टाकतो ना. पण रुमाल उडून गेला तं जागाबी जाते."

"आमची जात नाई," ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती हसताना दिसली.

जमायला वेळ लागला. जस्त जास्त झालं की जाळं भट्टीतच चुरा व्हायचं, कमी झालं की भोकं पडायची नाहीत. पावसाळ्याच्या दमट हवेत सुई चिकटायची, म्हणून तिने यंत्राच्या काचपेटीत ओल शोषायला तांदळाच्या पिशव्या ठेवून बघितल्या, मग सिलिकाच्या पुड्या. मी तिच्या शेजारी उभा राहायला लागलो होतो. आधी मी फक्त मोजायचो. आता मी भांडी धुवायचो, आम्लात बुडवून ठेवायचो, पुन्हा धुवायचो. ती म्हणायची, "सर, तुमी काऊन?" मी म्हणायचो, "राहू दे."

ज्या दिवशी ग्राफ वर चढला त्या दिवशी ती ओरडली नाही. ती यंत्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पुन्हा लावू." पुन्हा लावला. तोच. नवे तंतू, नवा दांडा, नवा घट, तोच. आम्ही त्यांना दमवायला सोडलं. ते थकले, पण हळूहळू, अब्रूने थकले. त्या थकण्याचा मला किती आनंद झाला ते कुणाला कळणार नाही. खरी वस्तू थकते.

"आता हे बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवू," मी म्हणालो. "प्लॅटिनम आहे का बघायला."

"प्लॅटिनम?" तिला गंमत वाटली. "आपल्याकडं आता आहेच कुठं सर प्लॅटिनम?"

"बघू तर."

अहवाल आला तेव्हा मी एकटाच होतो. लोखंड सापडलं होतं, जस्ताचा किंचित अंश उरला होता. प्लॅटिनम नव्हतं. कणभरही नाही. मी व्हरांड्यात जाऊन कठड्याला धरून उभा राहिलो. कठड्यावर वीज केंद्राची राख नेहमीसारखी बसलेली होती, हात भरले. भाऊ धावत आले.

"काय निघालं जी सर?"

"काहीच नाही निघालं."

"मंग हसून काऊन राह्यले?"

"काहीच निघालं नाही म्हणून!"

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता साहेबांना सुट्टीची गरज आहे. मग तेही हसायला लागले. कारण न कळताच. ती जिन्याने वर येत होती. मी तिला कागद दिला. तिने वाचला, नीट घडी केली आणि म्हणाली, "सर, आज मी मच्छी खाते." भाऊंनी तिथल्या तिथे त्यांच्या घरी फोन लावला.

पण ग्राफ म्हणजे दिवा नव्हे. तिचं म्हणणं, खरी परीक्षा पावसात घ्यायची. भामरागडच्या पलीकडे एका गावात आरोग्य उपकेंद्र होतं. तिथल्या सिस्टर ब्रह्मपुरीच्या, तिच्या ओळखीतल्या. पर्लकोटा नदीला पूर आला की गाव तुटतं. वीज आधी जाते. सौर पॅनेल आहे, पण ढग दाटले की ते दुसऱ्या दिवशीच मान टाकतं. आणि नेमके तेच दिवस तापाचे.

पुढच्या वर्षी पाऊस लागायच्या आत आम्ही डबा घेऊन गेलो. स्टीलच्या डब्यात बॅटरी, वर दिवा, आणि सोबत जस्ताच्या जादा पाट्या.

"दिवा मंद झाला का ही जुनी पाटी काढायची आन्‌ नवी सरकवायची," तिने सिस्टरना शिकवलं. "हातमोजे घालून. पाणी कॉस्टिकचं आहे, हाताले लागू द्यायचं नाई."

"म्हणजे चुलीत लाकूड सारल्यासारखंच," सिस्टर म्हणाल्या. "आन्‌ हा काळा कपडा?"

"तो श्वास घेते. त्याच्यावर काही वाळत नका टाकू म्हणजे झालं."

"बरं झालं सांगितलं. मी टॉवेल टाकला असता!"

मग पाऊस आला, पूर आला आणि फोन गेला. चंद्रपुरात आम्ही नेहमीसारखी कामं करत होतो. ती दर तासाला फोन उघडून बघायची. तंतू ओल धरून बसतील, हवेची वाट बुजेल, जोड सैल होतील, यातलं काहीही होऊ शकत होतं. यावेळी अपयश आलं असतं तर तिने ते पुन्हा स्वतःच्या हातावर घेतलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. आणि मग मी काय केलं असतं, ते मला माहीत नव्हतं.

एका सकाळी तिचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"पोरी, तुहा डबा घेऊन जा वापस!" सिस्टर.

तिचा चेहरा उतरला. "काऊन? काय झालं बाई?"

"विझतच नाई तो! सगळ्या गावातले किडे माह्या दवाखान्यात. दार उघडलं का पाखरांची बारात." आणि मग हसणं. इतक्या लांबून, खरखरत, पण हसणंच. "अवं, एक म्हातारा आणला होता पोरांनी खाटेवर टाकून. ताप डोक्यात चढलेला. अंधारून आलेलं, हाताची नसच सापडेना. तुह्या दिव्याखाली धरला हात. पहिल्याच टोचणीत सलाईन लागलं. काल उठून बसला, आन्‌ मलेच म्हणते, चहा दे."

ती खाली बसली. फरशीवरच. ओढणी तोंडाला लावून रडत होती आणि हसतही होती. भाऊ म्हणाले, "आता पेढे कोण आणते? मागच्या खेपेला मीच आणले होते." मी आणले. दुकानातलं सगळं ताट उचलून आणलं.

पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो. रस्ता जागोजाग खचलेला. नाल्याशी जीप थांबवून बाकीचं चाललो. उपकेंद्राच्या आढ्याला डबा टांगलेला होता आणि भर दुपारी दिवा चालू होता. सिस्टरनी मुद्दाम ठेवला होता, आम्ही बघावा म्हणून. तिने तो उतरवला, उघडला, काळ्या कापडावरून बोट फिरवलं. कापड धड होतं. तो म्हाताराही आला होता. त्याने माडिया बोलीत काहीतरी विचारलं. सिस्टरनी सांगितलं, विचारतो, ह्यात काय जळते?

"सांगा, काहीच जळत नाई," ती म्हणाली. "हवा पिते."

म्हाताऱ्याने ऐकलं, विचार केला आणि मान डोलावली. हवा फुकट आहे, हे त्याला पटण्यासारखं होतं.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी काहीच बोलत नाई जी. खुशी नाई झाली?"

"झाली ना."

"मंग दिसू द्या ना थोडी! आमी काय नजर लावतो का?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या क्षणी कसलीच सल नव्हती, हे प्रामाणिकपणे लिहितो. आपल्या जिल्ह्याचा कोळसा जाळून दूरदूरची शहरं उजळताना मी जन्मभर पाहिली होती. इथे नदीपलीकडच्या एका खोलीत आमच्या प्रयोगशाळेतल्या तंतूंचा उजेड होता. तो खरा होता. पुढच्या पावसाळ्यात आणखी उपकेंद्रांनी डबे मागून घेतले. आज ते करायला कॉलेजात वेगळी खोली आहे. एकदा कुणी बातमीदार आला, तिला विचारू लागला, हे तुमच्या घरच्या कोशापासून बनवलंय ना? ती म्हणाली, "नाई जी, स्वेटरपासून." त्याची गोष्टच बिघडली.

तिच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला सभागृह भरलं होतं. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. तिची आई पहिल्या रांगेत. परीक्षक म्हणून आढावा समितीचे तेच अध्यक्ष आले होते. प्रश्न झाले, उत्तरं झाली. तिने एकाही प्रश्नाला पाणी प्यायला घेतलं नाही. शेवटी ते चष्मा काढून मिश्किलपणे माझ्याकडे बघत म्हणाले, "या मुलीच्या हातात सातत्य नाही, अशी तुमचीच तक्रार होती ना?"

सभागृह हसलं. तीही हसली. मग माईकपाशी वाकून म्हणाली, "सर तेव्हा तोंडावर खरं बोलले, म्हणून माझा हात सुधारला."

टाळ्या वाजल्या. खूप वेळ वाजत राहिल्या. तिची आई माझ्याकडे वळून हात जोडत होती. मी उठून उभा राहिलो, कारण सगळे उठले होते.

आज ती गडचिरोलीला शिकवते. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, मोजताना समोर प्लॅटिनम लावायचं नाही. हे तिच्याच तोंडून ऐकलं तेव्हा वाटलं, हिने आमच्या जुन्या ग्राफशी याची सांगड घातली असेल का? घातली असेल, नसेलही. तिने कधी विचारलं नाही. तिला ठाऊक असलं तरी माझं सांगणं टळत नाही. हे कागदावर लिहिणं म्हणजे तिला सांगणं नव्हे, हेही मला कळतं.

तेव्हा मी काय देणं लागतो ते लिहितो. तार तुटली नव्हती आणि तिचा हात कधीच चुकला नव्हता, हे मी तिच्यासमोर बसून, तिच्या आईच्या देखत सांगायचं आहे. त्या अध्यक्षांना माझं ते वाक्य खोटं होतं असं कळवायचं आहे, आणि नागपूरला दाखवलेला ग्राफ माझ्या सहीने मागे घ्यायचा आहे. यातलं काहीच अजून झालेलं नाही.